पाहुण्याला पनीर कशाला?

तासगाव-पलूसच्या बागांत द्राक्षं बघायला युरोपातले खरेदीदार येतात. घड हातात घेतात, गोडी मोजतात, फवारणीच्या नोंदवह्या चाळतात. शेतकरी एकेका प्रश्नाचं चोख उत्तर देतो. मग दुपार होते आणि यजमान गाडी हमरस्त्यावरच्या एसी हॉटेलकडे वळवतो. पनीर बटर मसाला, बटर नान, व्हेज मंचुरियन, शेवटी गुलाबजाम. त्याच वेळी बागेला लागून असलेल्या त्याच्याच घरात उडदाचं घुटं रटरटत असतं आणि तव्यावर भाकरी फुगत असते. ती घरच्यांसाठी. पाहुण्यासाठी पनीर.

मला हे मुळीच पटत नाही.

पनीर बटर मसाला दुबईत मिळतो, सिंगापुरात मिळतो, लंडनमध्ये तर प्रत्येक उपनगरात मिळतो. तो खायला कुणी तासगावपर्यंत कशाला येईल? जे फक्त आपल्याकडेच मिळतं ते आपण झाकून ठेवतो आणि जे जगभर मिळतं ते कौतुकानं पुढं करतो. आणि हे एकट्या तासगावातच चालतं असं नाही.

परदेशी माणूस सांगली-सातारा या दोन जिल्ह्यांना नवखा नाही. डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत मिशन हॉस्पिटल उभं केलं, तेव्हापासून तिथं बाहेरदेशचे डॉक्टर, परिचारिका आणि पुढे रुग्णही येत राहिले. मिरजेच्या सतारी घ्यायला वादक येतात. पाचगणीच्या निवासी शाळांत पिढ्यान्‌पिढ्या बाहेरदेशची मुलं शिकली. झांझिबारहून आलेला फारुख बलसारा, जो पुढं जगाला फ्रेडी मर्क्युरी म्हणून कळला, तो तिथल्या सेंट पीटर्समधलाच. तिथल्याच एशिया प्लॅटो या केंद्रातल्या परिषदांना देशोदेशीची माणसं येतात. कासच्या पठाराचं नाव २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर युनेस्कोच्या यादीत गेलं आणि फुलं बघायला येणाऱ्यांची रीघ लागली. इतकी वर्षं, इतकी माणसं. त्यातल्या किती जणांनी साताऱ्याचं घुटं चाखलं?

महाबळेश्वरची तऱ्हा तर आणखी न्यारी. इंग्रज पाहुणा आला की त्याच्यापुढं स्ट्रॉबेरी आणि क्रीमचा उंच ग्लास ठेवायचा, हा तिथला रिवाज. गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांकडून जागा मिळवून १८२८-२९ च्या सुमारास तिथं थंड हवेचं ठाणं वसवलं. स्ट्रॉबेरी आली ती त्या गोऱ्या साहेबांच्या मागोमाग. पुढं आपल्या शेतकऱ्यांनी ती इतकी नावारूपाला आणली की २०१० मध्ये महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला भौगोलिक मानांकन मिळालं. त्या कष्टांचा मला अभिमान आहे. पण स्ट्रॉबेरी आणि क्रीम म्हणजे विम्बल्डनच्या टेनिसला घरोघरचा इंग्रज जे खातो तेच. त्याचंच ताट त्याच्यापुढं सरकवून आपण पाहुणचार केला म्हणायचं?

यामागं पैशांची अडचण नाही आणि वेळेचीही नाही. यामागं लाज आहे. घरात परका माणूस येणार म्हटलं की आमच्याकडं पहिलं वाक्य निघतं, "पावणं आल्याती, जरा चांगलं कायतरी करा." चांगलं म्हणजे जे रोज होत नाही ते. आणि रोजचं म्हणजे "आमचं काय, साधंच."

त्या साध्याची जरा उलटतपासणी करू.

सातारा जिल्हा एक असला तरी त्याची चूल एक नाही. महाबळेश्वरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो आणि त्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला म्हसवडात पाचशेच्या आसपास पडला तरी लोक समाधानी असतात. म्हणून पश्चिमेला जावळी-पाटणच्या डोंगरात नाचणीची भाकरी आणि भात, मधल्या कृष्णाकाठाला ऊस, हळद, वांगी, आणि पूर्वेला माण-खटाव, पुढं आटपाडी-जतच्या माळावर ज्वारी, बाजरी, मटकी, हुलगा. हे जेवण पावसानं ठरवलेलं आहे. माणदेशात जे उगवलं त्यावर माणसांनी दुष्काळ काढले.

हुलग्याचंच घ्या. खडकाळ रानात, अपुऱ्या ओलीवर येणारं हे कडधान्य. एरवी बैलाला भरडून घालायचं. पण त्याच्या पिठात ठेचलेला लसूण, मिरची, जिरं घालून, मळून, तळहातावर लांबट वळून, ती वळकटी फोडणीच्या उकळत्या पाण्यात सोडली की शेंगोळी होतात. शिजता शिजता पीठ सुटतं आणि पाण्याचा दाट, करड्या रंगाचा, लसणाच्या वासाचा रस बनतो. वरून तुपाची धार. पावसाळी संध्याकाळी याच्यासारखं अन्न मला तरी दुसरं ठाऊक नाही. भाजल्या हुलग्याच्या पिठाचं माडगं त्याहून साधं. पाण्यात पीठ कालवायचं, शिजवायचं, लसणाची फोडणी द्यायची, नाहीतर गूळ घालायचा. भिजून आलेल्या माणसाला, आजाऱ्याला, बाळंतिणीला. दुष्काळी मुलखातल्या बायांनी हाताशी असलेल्या एका मुठीतून पोटभर आणि चवदार काय करता येईल याचा शोध घेतला, त्याची ही फळं. यात लाजण्यासारखं काय आहे, हे मला कुणीतरी समजावून सांगावं.

इटलीहून आलेल्या माणसापुढं शेंगोळी ठेवा. पिठाचे वळलेले तुकडे रसात शिजवून खाणं त्याच्या आजीच्याही घरचं. त्याला समजवायला दुभाषा लागायचा नाही. तीच गोष्ट खपली गव्हाची. साल घट्ट चिकटलेला, कांडल्याशिवाय हाती न लागणारा हा जुना गहू सांगली-साताऱ्यात आणि पलीकडं बेळगावच्या बाजूला अजून पेरला जातो. त्याची गूळ-खोबरं घातलेली खीर, वर दूध किंवा तूप, ही आमच्याकडच्या लग्नाकार्यांची पंगत. इटलीत हाच गहू फारो या नावानं सूपात पडतो आणि महागड्या हॉटेलात मिरवतो. म्हणजे त्यांचा आणि आपला गहू एकाच जातीचा निघाला. टेबलावर गप्पा सुरू व्हायला आणखी काय हवं? गुलाबजामानं अशी गप्प बसलेली पंगत बोलती होत नाही.

आता ब्रिटनचं पाहू. तिथल्या माणसांनाही हा पेच पडतोच. परदेशातले मित्र जेवायला येणार, आपलं म्हणून काय करावं? रविवारचा रोस्ट? शेफर्ड्स पाय? की सरळ फिश अँड चिप्सच्या दुकानात न्यावं? पण त्यांनी एक गोष्ट आपल्यापेक्षा शहाणपणानं केली. त्यांनी गरिबाचं जेवण लपवलं नाही. कॉर्नवॉलमध्ये कथलाच्या खाणी होत्या. खाणीत उतरणारा कामगार बरोबर पेस्टी न्यायचा. पिठाच्या जाड पारीत मांस, बटाटा, कांदा आणि स्वीड नावाचा कंद भरून भाजलेली. ताट नको, चमचा नको. या मजुराच्या शिदोरीला २०११ मध्ये युरोपीय संघाचं भौगोलिक संरक्षण मिळालं. कॉर्नवॉलबाहेर बनवून तिला कॉर्निश पेस्टी म्हणून विकता येत नाही. खाणकामगाराच्या डब्याला कायद्याचं कवच, आणि आमच्या मेंढक्याच्या, ऊसतोड्याच्या, कुळंब्याच्या डब्याला पाहुण्यापुढं यायची चोरी. फरक पदार्थात नाही, तो मांडणाऱ्याच्या मानेत आहे. त्यांची ताठ आहे.

आणि फिश अँड चिप्स? पिठात बुडवून तळलेला मासा स्पेन-पोर्तुगालमधून परागंदा झालेल्या ज्यूंनी इंग्लंडात नेला. बटाटा दक्षिण अमेरिकेचा. तरी तो ब्रिटनचा राष्ट्रीय पदार्थ ठरला. दुसऱ्या महायुद्धात कित्येक जिन्नस शिधापत्रिकेवर गेले, पण सरकारनं मासा आणि बटाटा मोकळे ठेवले. लोकांच्या जिवाभावाचं काय आहे हे त्या सरकारला ठाऊक होतं. प्लाउमन्स लंच, म्हणजे नांगऱ्याची दुपारची शिदोरी, नावावरून शेकडो वर्षांची वाटते. पाव आणि चीज शेतकरी खात होताच, पण या नावानं ती पबमध्ये आली ती १९५० आणि ६० च्या दशकांत चीज-दूध विकणाऱ्या संस्थांच्या जाहिरातीतून.

म्हणून परंपरेबद्दल बोलताना फुगवून बोलू नये, हे माझं आपल्या लोकांनाही सांगणं आहे. पाहुण्याला "ही पाच हजार वर्षांची पाककृती" असं ठोकून देणारे यजमान मी पाहिले आहेत. पोर्तुगीज येण्याआधी आपल्या चुलीला मिरची माहीत नव्हती. ज्या शेंगदाण्याच्या कुटाशिवाय आमची एक भाजी होत नाही तो शेंगदाणाही अमेरिकेतून आला. ज्वारी तर फार जुनी, पण तीही मुळात आफ्रिकेची. उडीद आणि हुलगा मात्र याच भूमीतले. म्हणजे कुणाला खरोखरच इथलं, मुळापासून इथलं काही चाखवायचं असेल तर उत्तर घुट्याच्या पातेल्यात आणि शेंगोळ्याच्या ताटलीत आहे. हेच दोन पदार्थ आपण सर्वांत आधी झाकतो.

इस्लामपूरचा अख्खा मसूर हा ढाब्यांनी मोठा केलेला पदार्थ. जुन्या पोथीत तो सापडायचा नाही. तरी वाळवा तालुक्यातून जाणारा माणूस तो खाल्ल्याशिवाय पुढं जात नाही. तोही खुशाल वाढा. लोक मनापासून खातात, पोराबाळांना खाऊ घालतात, एवढं पुरे.

दुसरा मोठा घोटाळा तिखटाचा. सातारा-सांगलीचं जेवण म्हणजे लालभडक तर्री, असा समज हॉटेलांनी करून दिला. रस्सा तांबडाच हवा, वर बोटभर तेल हवं, आणि पाहुण्याच्या डोळ्यांतून पाणी आलं की यजमान खूश. माणसाला रडवणं हा पाहुणचार नव्हे. आमच्या घरचं जेवण इतकं तिखट असतही नाही. घुटं बघा. उडदाची डाळ मऊ शिजवायची, रवीनं घोटायची, हिरवी मिरची, लसूण आणि जिरं ठेचून घालायचं, कोथिंबीर पेरायची. मिरची दोन टाका नाहीतर अर्धी टाका, बिघडत काही नाही. बऱ्याच घरांत त्यात हळदसुद्धा पडत नाही. पांढरट, दाट, गुळगुळीत. ज्याला तिखट झेपतं त्याच्यासाठी खर्डा शेजारी ठेवा. लोण्याचा गोळा ठेवा, दही ठेवा. ब्रिटिश माणूस तिखटाला घाबरतो हीही जुनी समजूत झाली. तिथल्या करी हाउसांत शुक्रवारी रात्री काय खाल्लं जातं ते तिथं राहणाऱ्या आपल्या पोरांना विचारा. प्रमाण पाहुण्याच्या हाती द्या, एवढीच सभ्यता पुरेशी आहे.

कृष्णाकाठच्या वांग्यांना तर माझं झुकतं माप आहे, ते लपवत नाही. कोवळी, काटेरी देठाची, बिया कमी. शेंगदाण्याचं कूट, तीळ, खोबरं, घरची कांदा-लसूण चटणी, किंचित गूळ भरून मंद विस्तवावर. ही भरली वांगी आणि ज्वारीची भाकरी यापुढं मला कुठल्याही देशाचं पक्वान्न फिकं वाटतं.

पण इथंच थांबून एक गंभीर गोष्ट सांगायला हवी. आमच्या जवळजवळ प्रत्येक पदार्थात शेंगदाणा आहे. भाजीत कूट, चटणीत कूट, खिचडीत कूट, कोशिंबिरीतही कूट. परदेशातल्या अनेकांना शेंगदाण्याची ॲलर्जी असते. ती ॲलर्जी म्हणजे नुसती खाज नव्हे, त्यात घसा सुजून श्वास बंद होऊ शकतो, माणूस दगावू शकतो. ब्रिटनमध्ये अशा चौदा जिन्नसांची यादी कायद्यानं ठरवली आहे. शेंगदाणा, तीळ, दूध, मोहरी, गहू, सगळे त्यात आहेत. २०२१ पासून तिथं दुकानातच बनवून पाकिटात भरलेल्या खाण्यावरही सगळे घटक लिहावे लागतात. आमच्याकडं पाहुण्याला "काय चालत नाही?" असं विचारणं म्हणजे आगाऊपणा समजतात. तो समज सोडा. आधी विचारा. आणि "थोडंसंच घातलंय" हे वाक्य तर कधीही बोलू नका. ज्याला चालत नाही त्याला थोडंही चालत नाही. त्याच्यासाठी घुटं आहे, शेंगोळी आहेत, कूट न घालता झुणका आहे. फक्त भांडी, पळी आणि तेलही वेगळं ठेवा.

आता मटणाकडं वळू, कारण ते टाळून चालणार नाही. परदेशी पाहुण्याला आपली संस्कृती दाखवायची म्हटलं की सोज्वळ शाकाहारी थाळी पुढं येते. पुरणपोळी, कटाची आमटी, अळूवडी. उत्तम पदार्थ आहेत, माझी काही तक्रार नाही. पण गावची जत्रा आठवा. पहिल्या दिवशी पोळ्यांचा निवद आणि दुसऱ्या दिवशी मटण, ही आमच्याकडच्या बहुतेक गावांची रीत. सुकं, रस्सा, भाकरी, कांदा, लिंबू. चैत्र-वैशाखात या दोन जिल्ह्यांतली गावं एकमेकांना जेवायला बोलावतात ती याच ताटावर. हजारो माणसांच्या आनंदाचं हे जेवण "पारंपरिक" या सदरात का बसत नाही? वर्षातून एकदा कापलेल्या बोकडाच्या वाट्यासाठी पुण्या-मुंबईची पोरं एसटीत उभ्यानं येतात. ज्या पाहुण्याच्या देशात रविवारी मेंढीचा भाजलेला तुकडा पुदिन्याच्या चटणीबरोबर खातात, त्याला आमच्या रश्श्याची ओळख आम्ही का नाकारावी? पाहुणा मांस खात नसेल तर प्रश्नच मिटला. खात असेल तर त्याच्यापासून निम्मा गाव लपवू नका.

परंपरा कुणाची, हा प्रश्नही यात आहे. प्रत्येक आळीची चूल निराळी. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या २०१५ मधल्या पुस्तकात मराठवाड्यातल्या दलित घरांचा स्वयंपाक मांडला आणि आपल्या ताटाचा किती मोठा भाग आजवर कागदावर आलाच नव्हता ते दाखवून दिलं. माणदेशाचं, वारणाकाठचं असं काम घराघरांत पोचेल इतकं व्हायला हवं. सांगलीला तर त्याचा वारसा आहे. 'रुचिरा' लिहिणाऱ्या कमलाबाई ओगले सांगली जिल्ह्यातल्या कुंडलच्या. १९७० मध्ये त्यांचं पुस्तक आलं आणि वाटी-चमच्याच्या मापानं एका अख्ख्या पिढीला स्वयंपाक शिकवून गेलं. परदेशी निघालेल्या कित्येक मराठी मुलींच्या बॅगेत ते होतं. चौथीपर्यंत शिकलेल्या बाईनं हे केलं. हातातली चव मापात उतरवणं हे फार अवघड काम आहे आणि ते शेंगोळ्यांसाठी, माडग्यासाठी, जत्रेच्या रश्श्यासाठी त्याच निष्ठेनं कुणीतरी हाती घ्यायला हवं.

भेट म्हणून काय द्यायचं यातही डोळे उघडे ठेवा. साताऱ्याचे कंदी पेढे ही अप्रतिम वस्तू. खवा खरपूस भाजलेला, साखर कमी, टिकायला चांगले. पण ब्रिटनला निघालेल्या पाहुण्याच्या हातात अर्धा किलोचा बॉक्स कोंबू नका, कारण भारतातून दुधाचे पदार्थ आणि मांस बरोबर नेण्यास त्या देशाची बंदी आहे. विमानतळावर पेढे कचऱ्यात जातील. ते इथंच, बसवून, खाऊ घाला. बरोबर द्यायचं तर सांगलीचं भडंग द्या. तळलेला लसूण, कढीपत्ता, शेंगदाणे, तिखट लावलेले ते टपोरे चुरमुरे कुठल्याही देशातल्या माणसाला आवडतात, फक्त शेंगदाण्याचं वर सांगितलेलं विसरू नका. बेदाणा द्या. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ मध्ये आणि हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते कागद तिजोरीत ठेवायला मिळालेले नाहीत. लंडनच्या कॅफेत हळदीचं दूध महागात विकलं जातं. ते पिणाऱ्याला हळदीचं गाव दाखवा. कृष्णा-वारणेच्या संगमाजवळ हरिपूरला जमिनीखालच्या पेवांत हळद साठवायचे, २००५ च्या महापुरानं त्यांतली पुष्कळ पेवं गिळली. उरलेली पेवं दाखवा, हे सगळं त्याला सांगा, आणि मग हळदीची पुडी हातात द्या.

राहिली भाकरी. हिच्यासाठी मी भांडायला तयार आहे.

२०२३ हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष झालं, आणि ते भारताच्याच सूचनेवरून. त्या वर्षी ज्वारी-बाजरी व्यासपीठावर चढली. ज्वारीचे केक, ज्वारीचं सूप, ज्वारीचा पिझ्झा. भाकरी मात्र फारशी कुठं दिसली नाही. कारण उघड आहे. भाकरी यंत्रातून काढून कपाटात ठेवता येत नाही. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नाही. गरम पाण्यात मळावं लागतं, तळहातानं रगडावं लागतं, परातीत थापताना कडा फाटू द्यायची नसते, तव्यावर टाकून वर पाण्याचा हात फिरवायचा, उलटायची, आणि मग थेट जाळावर फुगवायची. फुगलेली भाकरी त्याच घडीला ताटात पडली पाहिजे. म्हणजे जेवणारा जेवतोय तोवर एक बाई जाळापुढं बसलेली हवी. हॉटेलवाल्याला परवडत नाही ते हे. नान त्याला सोपं पडतं.

आणि जिथं भाकरी वाढतात तिथं तरी काय दिसतं? मागच्या अंगाला, धुरात, दिवसाला काही शे भाकऱ्या थापणारी बाई. नाहीतर हल्लीची नवी रीत. दर्शनी भागात चूल मांडायची, बाईला नऊवारी नेसवून बसवायचं आणि पाहुण्यांनी तिच्याबरोबर फोटो काढायचे. तिचं नाव कुणी विचारत नाही, तिची मजुरी कुणी वाढवत नाही. परदेशी माणूस इथल्या भाकरीला नावाजतो तेव्हा तो तिच्या हाताला नावाजत असतो. मग त्या हाताला आचाऱ्याचा दर का नाही? तंदूरवाल्याला महिन्याचा पगार आणि भाकरीवालीला रोजंदारी, हा हिशेब मला मान्य नाही.

या बायका पुढं येऊन सांगतील तर ऐकायला माणसं आहेत. म्हसवडच्या माणदेशी फाउंडेशननं १९९७ मध्ये गावातल्या बायकांची बँक उभी केली. त्यांचा माणदेशी महोत्सव मुंबईत भरतो तेव्हा माणच्या बायका आपली धान्यं, चटण्या, घोंगड्या घेऊन बसतात आणि मुंबईकर रांग लावतात. विटा, खानापूर, आटपाडी, खटावकडची सोन्या-चांदीच्या गलाईच्या धंद्यातली माणसं केरळ-तमिळनाडूपासून दिल्लीपर्यंत पांगली. त्यांनी परक्या गावात दुकानामागच्या खोलीत भाकरी थापली, चटणीचा डबा गावाकडून नेला आणि शेजाऱ्याला घासही दिला. त्यांना लाज वाटली नाही. ती लाज आम्हा घरी बसलेल्यांनाच.

कासचा फुलांचा हंगाम पावसाळा सरता सरता भरात येतो. पठाराची व्यवस्था आसपासच्या गावांच्या समित्या बघतात, तिकीट त्यांच्याकडं, वाटाडे त्यांचे. त्याच गावांतल्या बायकांना सहा-आठ चुलींची जागा द्या. नाचणीची भाकरी, घुटं, पावट्याची आमटी, ताक. फलकावर घटक लिहा, शेंगदाणा असेल तर ठळक अक्षरांत. भाकरीचा दर नानापेक्षा जास्त लावा आणि तो पैसा थेट थापणारीच्या हातात जाऊ द्या. मिरजेच्या, तासगावच्या, पाचगणीच्या हॉटेलवाल्यांनाही माझं हेच मागणं आहे. मेनूकार्डाचं पहिलं पान इथल्या जेवणाला द्या. पनीर शेवटच्या पानावर राहू दे, ज्याला हवं तो शोधून काढील.